वशिंड दुसऱ्या वर्षी

"त्या मास्तरकडे पोरगी टाकू नको, माय. तो रेघा नाई शिकवत, पोरायलेच सरळ करते." सेलूत बिऱ्हाड मांडलं त्याच आठवड्यात शेजारच्या अनुसयाबाईंनी वच्छलाला बजावलं होतं. वच्छला नुसती हसली. नागपूरला बी.ए. झालेली ती, बालशिक्षणावरची जाडजूड पुस्तकं वाचलेली. पुंडलिकराव मास्तरांनी "आकृती हा चित्रकलेचा पाया" म्हटल्यावर तर ते त्या पुस्तकांतूनच उठून आल्यासारखे वाटले तिला.

पाया निघाला पत्र्याचा. घासलेटच्या डब्यातून कापलेले गोल, चौकोन आणि त्रिकोण. तुकडा पाटीवर दाबून धरायचा, कडेनं लेखण फिरवायची, झाली चित्रकला. मास्तरांच्या जगात या तिघांखेरीज चौथं काही जन्मालाच आलं नव्हतं. गोलाखाली त्रिकोण ठेवला की बाई, चौकोन ठेवला की बाप्या. नदी ते शिकवतच नसत. ती वाकडी जाते.

वच्छलाची पाच वर्षांची भागी डावखुरी. घरी कोळशानं भिंती रंगवणारी पोर हळूहळू भिंतीकडे पाठ करून बसू लागली. डाव्या मनगटावर लाल वळ दिसे. बांगड्या काचत असतील म्हणून वच्छलानं मोठ्या आणल्या, खोबरेल चोळलं, मनात नाही नाही ते आणलं. मास्तरांना मात्र विचारलं नाही. शिकलेली आई संशयी, असं कोणी म्हणायला नको.

तान्ह्या पोळ्याला शाळेपुढं मांडव पडला. पोरांनी आपापले लाकडी बैल सजवून आणले. ते समोर ठेवून, आईबापांदेखत, चित्र काढायचं होतं. सगळ्या पाट्यांवर एकच बैल उमटला: चौकोन, त्याला चिकटलेला गोल, खाली चार काठ्या. वशिंड एकालाही नाही. मागं बसलेल्या शेतकऱ्यांत खसखस पिकली. हा बैल व्हय का पेटी, आणि जू ठेवाव कुठं याच्यावर, असं एकानं विचारलंही.

एक भागीची पाटी तेवढी कोरी होती. वच्छला जवळ गेली तेव्हा दिसलं: डावा हात रिबिनीनं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलेला. शेजारी शाळेच्या रखवालदाराची, जंगलूची पोर बायजा, तिचाही तसाच. पण बायजानं हिसका देऊन हात सोडवला, लेखण उचलली आणि चौकोनाच्या पाठीवर वशिंड काढलं. गरगरीत, एका अंगाला जरासं कललेलं.

मास्तरांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं.

"वशिंड दुसऱ्या वर्षी," ते म्हणाले. "तेही उजव्या हातानं."

आणि तिचा हात पुन्हा बांधला. पुढच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या.

वच्छलानं भागीची रिबीन सोडली. बी.ए. झालेल्या बाईनं तरी शिस्त समजून घ्यावी, असं मास्तर म्हणाले.

"समजली ना. तुमच्या पत्र्याला वशिंड नाही, म्हणून बैलानं आपलं उतरवून ठेवायचं."

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि जंगलूकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. त्याची नोकरी आणि राहायची खोली, दोन्ही मास्तरांच्या शब्दावर. "शिकून राह्यली ना बाई पोरगी, राहू द्या," तो खाली बघत म्हणाला.

पुढं नवऱ्याची बदली झाली, बिऱ्हाड आर्वीला आलं. भागी आता दारापुढं खडूनं बैल काढते, अंगापेक्षा वशिंड मोठं. ते पाहून आनंद व्हावा, तर वच्छलाला बायजा आठवते. म्हणून वाचणाऱ्यांना तिचं एकच सांगणं आहे. सेलूवरून जाणं झालं तर मोटारीतून उतरा, शाळेच्या मागच्या खोलीशी जा आणि बायजाकडे पाणी मागा. ती उजव्याच हातानं देईल. दुसरा हात कुठं आहे, तेवढं बघून या.