भाईदासची स्वतंत्र मंडळी

सुरतेतल्या नवागामच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत भाईदास सोनवणे प्रार्थनेला उभा राहिला की लोकांच्या माना आपोआप खाली जायच्या. भाईदासला वाटायचं, हा आदर. खरं तर निम्मे लोक मनगटावरच्या घड्याळात बघत असायचे.

भाईदास मूळचा पिंपळनेरकडचा. सुरतेत आला, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, कारीगर झाला, पुढे खात्याचा मास्टर झाला आणि मंडळीत पंच. या सगळ्यांत पंचपद त्याला सर्वांत मोठं वाटायचं, कारण खात्यात यंत्रांच्या खडखडाटात त्याचं बोलणं कोणाला ऐकू जात नसे.

मंडळी लहान होती. काही घरं खान्देशातली, काही जालना-परभणीकडची. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. पळताना कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. परत आल्यावर मात्र एकमेकांच्या दारात जाऊन कोण आलं, कोण राहिलं ते बघितलं, आणि मंडळी खऱ्या अर्थाने तेव्हापासून जमली. एका बंद पडलेल्या खात्याची पुढची खोली मिळाली. तिथे रविवारी दुपारी उपासना व्हायची आणि रात्रपाळीवाले तिथूनच कामावर जायचे. पाळक विकास साळवे तिशीतला, जालन्याचा. आठवडाभर इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर राबायचा आणि रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उपदेश करायचा.

गीतं झाली, बायबलमधलं वचन झालं, उपदेश झाला की शेवटची प्रार्थना भाईदासची. ती सुपडूच्या पायापासून सुरू व्हायची. सुपडूचा पाय लूममध्ये अडकून मोडला होता. मग दगाच्या सासऱ्याचा खोकला, मग कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाचं अडलेलं रेशनकार्ड. तिथून प्रार्थना महानगरपालिकेत शिरायची, गांधीनगरला जायची, दिल्लीतल्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागायची आणि समुद्र ओलांडून थेट यरुशलेमला पोचायची. यरुशलेम आलं की आता आमेन जवळ आलं, हे जुन्या लोकांना माहीत होतं. ते चपला कुठे काढल्यात ते आठवायला लागायचे. पण कधी कधी एखादं नाव राहिलेलं असायचं, आणि भाईदास यरुशलेमहून पुन्हा नवागामला यायचा.

असाच तो एका रविवारी परत आला, आणि त्यापायी दगाला खात्यावर पोचायला उशीर झाला. शेठने दगाचे लूम दुसऱ्या कारीगराला देऊन टाकले होते. दगा मुकाट्याने घरी आला.  त्याची बायको चंचल मात्र गप्प बसणारी नव्हती. ती सरळ पाळकाकडे गेली.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी पाळकाने भाईदासला बाजूला घेतलं. ती खोलीच एवढीशी, की बाजूला घेतलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं.

"भाऊ, एक विनंती होती," पाळक म्हणाला. "प्रार्थना जरा आटोपशीर करता आली तर बघा. रात्रपाळीवाल्यांची ओढाताण होते."

"म्हणजे देवाला घड्याळ दाखवायचं?"

"देवाला नाही हो. तुम्हाला."

कोणीतरी फिसकन हसलं. चंचल असावी. भाईदासने हातातला कप खाली ठेवला. त्यात अजून निम्मा चहा होता, आणि तो ठेवताना आपण काहीतरी मोठा त्याग करतोय असं त्याला वाटलं.

"ज्या मंडळीला प्रार्थना जड झाली, तिला भाईदासही जड झाला असेल," तो म्हणाला आणि निघाला. दारात आपली चप्पल सापडायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात कोणी हात धरून थांबवील असं त्याला वाटलं. पाळक दोन पावलं पुढे आलाही, पण भाईदासची चप्पल खुर्चीखाली गेली आहे एवढंच त्याने सांगितलं.

सोमवारी भाईदासने घरातली पलंगावरची चादर बदलायला लावली. माणसं समजूत घालायला येणार, म्हणजे बसायला जागा नीट हवी. मंगळवारी खात्यातून रजा घेऊन दुपारपासून तो खिडकीपाशी बसला. बुधवारीही बसला.

"आते कोनी येत नही," बायको सुभद्राबाई म्हणाली, "जेवन करी ल्या."

इतक्यात दारात दगा उभा राहिला. भाईदासचं मन भरून आलं. ज्याच्यामुळे हे झालं, तोच आला! त्याने दगाला बसवलं, पाणी दिलं आणि क्षमेवर बोलायला सुरुवात केली. क्षमा करणं कसं अवघड, मोठ्या मनाच्या माणसाला ते कसं जमतं, वगैरे. दगाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"खरंय भाऊ," तो म्हणाला. "मी मंडळीची सतरंजी न्यायला आलतो. मागच्या बारीला धुवायला तुमच्याकडं आणली ना."

दगा सतरंजी खांद्यावर टाकून गेला, आणि त्याच संध्याकाळी भाईदासने वेगळी मंडळी काढायचं ठरवलं.

नाव ठरवायला त्याला दोन दिवस लागले. शेवटी पेंटरकडून पाटी रंगवून आणली: 'ख्रिस्ती ऐक्य मंडळी, स्वतंत्र'. ऐक्य आणि स्वतंत्र हे दोन शब्द शेजारी शेजारी बघून पेंटरने विचारलंही, "भाई, नक्की कोणतं ठेवू?" भाईदास म्हणाला, दोन्ही ठेव.

सुभद्राबाई पाटीकडे बघत राहिली.

"मी सकायले तुमना चर्चमा बससू," ती म्हणाली, "आनि दुपारले त्यास्ना चर्चमा जासू."

"तुना नवराना अपमान व्हयना, तुले काही वाटत नही?"

"अपमान तुमना व्हयना. सुपडूभाऊनी बायको बाळंतीन व्हयनी, तिले कोन दखी?"

भाईदास हातोडी आणि खिळे शोधायला आत गेला.

पहिल्या रविवारी सकाळी स्वतंत्र मंडळी जमली. भाईदास, सुभद्राबाई, त्यांची मुलगी योगिता, आणि शेजारचा भिकन. भिकन ख्रिस्ती नव्हता. तो एकटाच राहायचा, सुट्टीच्या दिवशी त्याला करमायचं नाही, म्हणून आला. भाईदासने मात्र मनातल्या मनात त्याची गणना आपल्या मंडळीचं पहिलं फळ म्हणून केली.

उपदेशाचा विषय होता, आपण सर्व एक शरीर आहोत. अनेक अवयव, पण शरीर एक; डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. भाईदास ते जोरात वाचून गेला, आणि बायको आपल्याकडे एकटक का बघतेय हे त्याला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण त्याने पान उलटलं.

मग प्रार्थनेची वेळ झाली. हीच तर ती वेळ, जिच्यासाठी एवढं सगळं केलं. घड्याळ नाही, रात्रपाळी नाही, चंचल नाही. भाईदासने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"हे स्वर्गीय पित्या, सुपडूचा पाय..."

तो अडखळला. सुपडू त्या मंडळीचा. पायाचं प्लास्टर निघालं की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. दगाच्या सासऱ्याचा खोकला कमी झाला की वाढला? रेशनकार्ड मिळालं का? एरवी आठवडाभर कोणी ना कोणी खात्याच्या दारात, भाजीच्या गाडीपाशी, नळावर भेटायचं, आपलं रडगाणं सांगायचं, आणि रविवारी तेच सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडायचं. या आठवड्यात तो कोणाशी बोललाच नव्हता. त्याने महानगरपालिका घेतली. गांधीनगर घेतलं. दिल्ली घेतली. यरुशलेमला तर तो इतक्या लवकर पोचला, की तिथे काय मागायचं तेही सुचेना.

"आमेन," तो म्हणाला.

योगिताने एक डोळा उघडून शाळेतल्या गुजरातीत विचारलं, "पप्पा, बस? थई गयू?"

 इतकी वर्षं आपल्याला प्रार्थनेचं दान मिळालंय असं तो समजत होता. आता दिसलं, की दान कसलं, सगळा माल दुसऱ्यांचा होता. आपण नुसते हमाल.

पण माणूस एका दणक्यात शहाणा होत नाही, आणि भाईदास तर मास्टर होता. त्याने यावर तोड काढली. सुभद्राबाई दुपारच्या उपासनेहून घरी आली की तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "सुपडू कसा आहे?" ती पोळी लाटता लाटता सगळं सांगायची. सुपडू काठीवर चालतोय. बाळाचं नाव ठेवायचंय. दगाला त्याचे लूम परत मिळाले. हे सगळं लक्षात ठेवून भाईदास पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा. ऐक्य मंडळीत आता ऐक्य एवढंच उरलं होतं, की सगळी प्रार्थना दुसऱ्या मंडळीची होती. जुन्या मंडळीसाठी आपण प्रार्थना करतोय हे त्यांना कळावं असंही त्याला वाटायचं, आणि कळू नये असंही.

एका दुपारी सुभद्राबाई परत आली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "तिथं तुमनासाठी बी प्रार्थना करतस. दर रविवारले."

भाईदास सावरून बसला. "कोण? पाळक?"

"हा."

"काय म्हणतो?"

"भाईदासभाऊले परत आन म्हने. आनि आमेन."

भाईदास वाट बघत राहिला. "पुढे?"

"पुढे काय? व्हई गयं."

"एवढंच?" भाईदास उठून उभा राहिला. "मी इतकी वर्षं एकेकाच्या खोकल्यापर्यंत गेलो, आणि माझ्यासाठी एक ओळ? सुपडूच्या पायाला मी कमी वेळ देत होतो का?"

तो आठवडाभर धुमसत होता. काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, असं तो भिकनला म्हणाला, पण एका ओळीत गुंडाळायचं म्हणजे काय! भिकनने मान डोलवली.

रविवारी सकाळी स्वतंत्र मंडळी भरलीच नाही. दुपारी भाईदासने स्वच्छ शर्ट घातला आणि तरातरा निघाला. परत जायला नव्हे. प्रार्थना कशी करतात ते त्या पोराला एकदा समजावून सांगायला. भिकनही मागोमाग आला, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं.

खोलीच्या दारात तो पोचला तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. पाळक म्हणत होता, "...आणि प्रभू, आमच्या भाईदासभाऊंना परत आण. त्यांच्यावाचून आम्हाला सुनं लागतं. आमेन."

पाळकाने डोळे उघडले. समोर दारात भाईदास उभा.

पाळकाचा चेहरा पांढराफटक पडला. तो हाताने सांगत होता की मागे बघा, मागे बघा. लोक वळले.  मग सुपडू काठी आपटत ओरडला, "हालेलुया!", आणि त्याचं बाळ दचकून रडायला लागलं.

भाईदास बोलायचं म्हणून ठरवलेलं सगळं विसरला. त्याला पहिल्यांदा जे वाटलं तो चक्क मत्सर होता. आपण दिल्लीपर्यंत जाऊन आलो, समुद्र ओलांडले, आणि आपली एकही प्रार्थना कधी इतक्या तातडीने पोचली नाही. आणि या पोराची एक ओळ! मग त्याला त्या प्रार्थनेतले मधले शब्द आठवले. सुनं लागतं, असं म्हणाला होता तो. सुभद्राबाईने ते घरी सांगितलंच नव्हतं.

 दगाने सतरंजीवर सरकून जागा केली.

"दगा," भाईदास खाली बसत म्हणाला, "तुझी ती पाळी बुडाली..."

"जाऊ द्या हो भाऊ."

"नाही, जाऊ कसं देऊ? माझ्यामुळं बुडाली. मला क्षमा कर."

क्षमेवर त्याच दगासमोर तो एकदा बराच वेळ बोलला होता. आज एवढंच बोलता आलं. चंचलने त्याच्यासमोर चहा ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता, आणि या वेळी भाईदासने तो सगळा प्यायला.

पुढे पाळकाने आणि पंचांनी मिळून एक सोय केली. आशीर्वाद आधी द्यायचा, उपासना तिथे संपली असं समजायचं, आणि ज्याला थांबायचं असेल त्याने भाईदासच्या प्रार्थनेला थांबायचं. भाईदासने हे मान्य केलं. पहिल्या रविवारी तो डोळे मिटून उभा राहिला, तर एकामागून एक चपलांचे आवाज. त्याला चांगलंच झोंबलं. दगाच्या नावापाशी आला तेव्हा त्याच्या मनात आलं, हा आता खात्यावर वेळेत पोचेल. आणि तेही त्याने प्रार्थनेत घातलं. सवय काही गेली नाही.

आमेन म्हणून त्याने डोळे उघडले. सुभद्राबाई सतरंजीचं टोक धरून उभी होती, आणि भिंतीपाशी भिकन बसला होता.

"दादा," भिकन म्हणाला, "सगळ्यांची नावं घेतली. माझ्या भावाचं घ्याल का? गावाला असतो. डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या."

इतके रविवार हा माणूस त्याच्याच घरात, त्याच्या समोर बसत होता. भाईदासने त्याला कधी विचारलंच नव्हतं. तो परत डोळे मिटून प्रार्थना सुरू करणार होता, पण सुभद्राबाईने त्याच्याकडे बघितलं. तो भिकनशेजारी जमिनीवर बसला.

"नाव काय भावाचं?" त्याने विचारलं. "कधीपासून आहे हे? सांग, सावकाश सांग."