तेवढं एक डोकं

हेडमास्तरांचा भांग आज काही केल्या सरळ येत नव्हता. डाव्या अंगाला गवत दाट, उजव्या अंगाला विरळ, त्यात दवामुळे कात्री सारखी घसरत होती. न्हावी गुडघ्यांखाली पोते घेऊन, जीभ दातांत धरून, कबरीवरचे गवत कंगव्याने दोन बाजूंना पाडत होता. हयात असतानाही हेडमास्तर असेच छळायचे. भांग नाकाच्या रेषेत हवा, एक केस इकडचा तिकडे गेलेला खपायचा नाही. आता ते मुकाट्याने पडून होते, पण म्हणून त्यांचे कसेतरी उरकावे हे न्हाव्याच्या जिवाला पटत नव्हते.

तेवढ्यात दफनभूमीचा रखवालदार आला आणि उगाच खाकरत उभा राहिला. बातमी वाईट असली की तो आधी खाकरायचा.

"काका, आज सगळ्यांचं नीट करून घ्या," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारपासून तुम्हाला सुट्टी."

मग त्याने सांगितले ते असे, की नगरपालिकेने गवत कापायचे यंत्र घेतले आहे. पेट्रोलवर चालते, तासाभरात मैदान साफ. सोमवारी ते इथे यायचे आणि दुपारी साहेब पाहणीला.

"सगळ्या कबरी?" न्हाव्याने विचारले.

"सगळ्या. काकूंची तर पहिली. तक्रारच तिच्यावरून गेली ना."

न्हाव्याची कात्री थांबली. हेडमास्तरांचा भांग त्या दिवशी वाकडाच राहिला.

सोमवारी दुकान बंद असायचे. बायको गेल्यावर त्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्नच होता. सुरुवातीला तो नुसताच इथे येऊन बसायचा. मग लक्षात आले, की आपली निम्मी गिऱ्हाईके इथेच आहेत. गावातली पोरे चौकातल्या काचेच्या, गाणी लावणाऱ्या दुकानात जाऊ लागली होती आणि जुनी माणसे एकेक करून इकडे मुक्कामाला आली होती. गिऱ्हाईक दुकानात येईना, तर दुकानाने गिऱ्हाईकाकडे जावे, असे म्हणून त्याने पिशवीत कात्री, कंगवा, मान झटकायचा ब्रश आणि हातआरसा भरला. आरशाची इथे काय गरज, असे कुणी विचारले असते तर त्याला सांगता आले नसते. कामाला निघताना पिशवीत आरसा असतो, एवढेच.

प्रत्येकाचे गवत तो ज्याच्या त्याच्या पद्धतीने कापायचा. पोस्टमनचा डावा कान कुत्र्याने तोडला होता, म्हणून तो त्या बाजूचे केस लांब ठेवायचा. त्याच्या कबरीची डावी कड न्हावी अजून झाकून ठेवी. पंप दुरुस्त करणाऱ्याला अगदी बारीक लागायचे, तेल केसांत मुरते म्हणून. बेकरीवाला खुर्चीत बसला की घोरायला लागायचा, पहाटेपासून भट्टीपुढे उभा असायचा बिचारा. त्याच्यापाशी न्हावी अजूनही कात्री बेताने वाजवायचा.

आणि बँकेतला टकल्या. डोक्यावर मोजून चार केस, पण दर शनिवारी हजर. "मानेवरचं तेवढं बघ," म्हणायचा आणि दुकान बंद होईपर्यंत बोलत बसायचा. घरी बोलायला कुणी नव्हते, केस हे निमित्त. त्याची कबर दाट झाडाखाली आली आणि तिथे गवताची काडी उगवली नाही. मेल्यावरही बिचाऱ्याचे नशीब पालटले नाही. न्हावी दुपारचा डबा त्याच्या कट्ट्यावर बसून खायचा आणि शनिवारचे राहिलेले बोलणे पुरे करायचा. तेव्हा टकल्या बोलायचा आणि न्हावी हूं म्हणायचा. आता ते उलटे झाले होते.

एवढ्या सगळ्यांत भिंतीजवळची एकच कबर अशी होती, की जिला कात्री लागली नव्हती. तिथे गवत गुडघ्यापर्यंत आले होते, वाऱ्यावर एका बाजूला लवायचे. येणारेजाणारे बघायचे आणि एकमेकांना कोपराने ढोसायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. न्हाव्याच्या बायकोची कबर होती ती.

तिचे केस कमरेच्या खाली यायचे. न्हाव्याने घरच्या मालाला हात लावायचा नाही असा कायदा दिसतो, अशी गाव चेष्टा करायचे. त्याने पुष्कळदा गळ घातली होती, की निदान टोके तरी कापू दे, दुभंगली आहेत. ती दाद द्यायची नाही.

"साऱ्या गावाची डोकी भादरता," ती म्हणायची, "तेवढं एक डोकं राहू द्या की."

संध्याकाळी ती घराला लागून असलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून केस विंचरायची. तो वस्तरा परजण्याचे सोंग करून बघत राहायचा. संसारात तिच्याशी गोड बोलणे त्याला फारसे जमले नाही, पण त्या वेळी वस्तऱ्याला लागायची त्यापेक्षा जास्त धार लागायची, हे तिलाही कळत असणार.

मग दुखणे आले. औषधे सुरू झाली आणि कंगव्यात पुंजके यायला लागले. दवाखान्यात म्हणाले, इथली बाई सगळे केस काढून देईल, पटकन होईल. ती तशीच घरी आली. दारात आल्यावर म्हणाली, "परक्या हाताखाली मान नाही घालायची मला. तुम्हीच करा."

त्याने दुकानाचा पडदा ओढला, तिला खुर्चीत बसवले आणि मोठ्या आरशावर चादर टाकली. तिने ती काढायला लावली. गिऱ्हाईकाला दाखवता तसे सगळे दाखवा, म्हणाली. हात थरथरत होता तरी कुठे ओरखडा उठू दिला नाही. शेवटी त्याने नेहमीप्रमाणे मागून हातआरसा धरला. तिने मान इकडून तिकडे वळवून स्वतःला पाहिले.

"कारागीर बरे आहात," ती म्हणाली.

कपडा झटकायला म्हणून तो दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. झटकवला नाही त्याला.

केस पुन्हा येतील, असे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले होते. केस यायच्या आधी ती गेली. पुढे मातीवर गवताची लव आली, वाढली, लांब झाली, वाऱ्यावर हलू लागली. न्हावी कात्री हातात धरून नुसता बघत राहिला. उशिरा का होईना, डॉक्टरांचा शब्द खरा झाला होता. त्या गवताला हात लावायचा नाही, हे त्याने तेव्हाच ठरवले.

पण हे सांगायचे कुणाला? गेल्या महिन्यात मेहुणी परगावाहून आली होती. बहिणीची कबर बघून तिचा पारा चढला. साऱ्या गावाचे करत फिरता आणि माझ्या बहिणीच्या उशाशी रान माजवलेत, जिवंतपणीही तिची अशीच हेळसांड केली असेल, असे ती तोंडावर म्हणाली. ते शेवटचे त्याला फार लागले. सांगायला तोंड उघडले, पण गवताला केस म्हणणारा म्हातारा तिला वेडा वाटला असता. "करतो," एवढेच तो म्हणाला. मेहुणीला तो शब्द पुरेसा वाटला नाही. ती तिथून तडक नगरपालिकेत गेली, आणि त्या रागातून हे यंत्र आले.

आठवडा त्याला खायला उठला. गुरुवारी दुकान बंद केल्यावर तो रखवालदाराच्या खोलीवर गेला.

"एवढी एक सोडशील का?"

"का पण, काका?"

"असू दे तशी."

रखवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितले, की एक जरी राहिली तरी साहेब त्याच्या नावाने शंख करतील. शिवाय लोकांची तोंडे कोण धरणार? "तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता," तो म्हणाला. "काकूंचं मी हलक्या हातानं करतो."

हलक्या हाताने. न्हावी घरी आला, दिवा न लावता बसला, आणि ते शब्द त्याच्या कानातून जाईनात. हात हलका असो की जड, परका होता.

सोमवारी फाटक उघडले तेव्हा तो बाहेर उभाच होता. हेडमास्तरांपाशी, पोस्टमनपाशी तो थांबला नाही. भिंतीजवळ गेला, पिशवीतून धुतलेला पांढरा कपडा काढला आणि उशाच्या दगडाच्या मुळाशी, गळ्याभोवती घालतात तसा नीट पसरला. कंगव्याने गवत वरून खाली विंचरले. कुठे गुंता होता तो बोटांनी सोडवला.

आधी त्याने नुसती टोके कापली. आयुष्यभर मागितली होती तेवढीच. मग थांबला. तेवढ्यावर भागले असते तर किती बरे झाले असते. फाटकाकडे यंत्र घुरघुरायला लागले तशी त्याने मूठ मूठ धरून, मुळाजवळून कापायला घेतले. डोळे भरून येत होते, ते बाहीला पुसून तो पुन्हा कात्री चालवत होता. या वेळी हात थरथरत नव्हता, याचेच त्याला वाईट वाटले.

रखवालदार यंत्र ढकलत जवळ आला. कापलेले गवत बघून त्याने यंत्र बंद केले.

"आज मी करणारच होतो की, काका."

"तिला परका हात चालत नाही," न्हावी म्हणाला.

रखवालदाराला त्यातले काय कळले कोण जाणे. तो खाकरला नाही. बाजूला जाऊन टकल्याच्या कट्ट्यावर बसून राहिला.

न्हाव्याने कडा सारख्या केल्या. ब्रशने दगड झटकला, कपड्याची चार टोके जुळवून गवतासकट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मग हातआरसा काढून तो दगडाच्या मागे जाऊन उभा राहिला, गिऱ्हाईकाच्या मागे राहतो तसा. गिऱ्हाईक बरे म्हणेपर्यंत आरसा खाली घ्यायचा नाही, ही त्याची जुनी शिस्त.

थोडा वेळ गेला. रखवालदार चुळबुळला. ऊन चढायला लागले होते आणि अख्खे मैदान कापायचे पडले होते.

"झालं का, काका?"

"थांब जरा. तिनं अजून बघितलं नाही."

तो आरसा धरून उभा राहिला. वारा सुटला होता, पण कबरीवर हलायला काही उरले नव्हते.