वाट्याला न आलेलं नाव

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी नांदगाव पेठेची, सातवी शिकलेली, आणि घरात सगळ्यांत जास्त तोंड माझंच. पण सासऱ्यांना मी शेवटपर्यंत मामाजीच म्हटलं. ज्या देवावरून त्यांचं नाव ठेवलं होतं, त्या देवाचंही नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही. सालबर्डीला जायला निघालो की मी सांगायची, "मोठ्या देवाच्या जत्रेले चाललो." एकदा शेजारणीने मुद्दाम छेडलं, "कोनता मोठा देव वं, वच्छला?" मी म्हटलं, "तुह्या नवऱ्याहून मोठा." तिने पुन्हा विचारलं नाही.

लिहायला मात्र मनाई नव्हती, कारण ही रीत पडली तेव्हा कोण्या सुनेला लिहिता येतच नव्हतं. म्हणून इथे लिहिते: महादेव मिस्त्री. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं बंड्यांचं दुकान होतं. बंडी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलगाडी. तेल्हारा, अकोट, बाळापूर, कुठल्याही गावी जा, महादेव मिस्त्रीची बंडी म्हटलं की शेतकरी चाक हलवूनसुद्धा पाहत नसे. बंडी तयार झाली की मामाजी लोखंडी ठसा भट्टीत लाल करून आपलं नाव बाजूच्या फळीवर डागायचे. बस, तीच हमी.

त्यांचे दोन मुलगे. थोरले भगवंतराव, माझे भासरे. ते दुकानात बसायचे, गिऱ्हाइकाला पान द्यायचे, गोड बोलायचे. धाकटे माझे यजमान, चंद्रभान. लाकूड ओळखणं, आरे बसवणं, तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवणं, सगळं ह्यांच्याकडे. मामाजींनी ह्यांना नऊ-दहा वर्षांचे असताना भट्टीजवळ बसवलं ते बसवलंच. मामाजींचा स्वभाव तिखट होता. आरा जरा वाकडा बसला की चाक पुन्हा उलगडायला लावायचे. रात्री हे हाताला तेल लावत बसायचे आणि तरी बापाबद्दल कोणी वावगं बोललेलं चालत नसे.

मामाजी गेले. वर्षश्राद्ध आटोपलं आणि वाटणी निघाली. वाटणीची आमच्यातली रीत अशी, की मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मोठा लबाडी करू शकत नाही आणि धाकटा नंतर कुरकुर करू शकत नाही. भासऱ्यांनी पंचांसमोर दोन वाटे केले. एकात जुन्या शहरातलं दुकान. दुसऱ्यात मोर्णा नदीच्या अलीकडची मोकळी जागा, भट्टी, रचून वाळवलेलं बाभळीचं आणि सागाचं लाकूड, आणि मामाजींची हत्यारं. वाटे बरोबरीचे होते, तेवढं मी भासऱ्यांचं कबूल करते. पंचांनी म्हटलं, "उचल, चंद्रभान." ह्यांनी क्षणभरही विचार न करता मामाजींच्या वाकसावर, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारावर, हात ठेवला. त्या वाकसाचा दांडा मामाजींच्या मुठीने झिजून गेलेला होता.

मी दाराआडून पाहत होते. मलाही बरंच वाटलं. धंदा दुकानात थोडाच असतो, तो हातात असतो, असं मी मनाशी म्हटलंही. त्या दिवशी घरातल्या पळ्या आणि झारेसुद्धा वाटून झाले, आणि नाव कोणत्या वाट्यात, हे एकाही पंचाने विचारलं नाही. विचारणार कसं? बाप दोघांचा, तर नाव दोघांचं. नाव कोणी वाटून घेतं का?

आम्ही नदीच्या अलीकडे त्या मोकळ्या जागेत टिनाचं छप्पर उभं केलं. पहिल्याच महिन्यात हिवरखेडचे किसनराव आले. जुनं गिऱ्हाईक, मोठे कास्तकार. बाजेवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "चंद्रभान, बंडी पाह्यजे. पन सोसायटीचं कर्ज काढून राहिलो. थे म्हनतात, नोंदलेल्या दुकानाचीच पावती आना."

"मंग नोंदून घेतो," हे म्हणाले.

"पेरनीच्या आंधी पाह्यजे. अन् फळीवर म्हाताऱ्याचंच नाव टाकजो बरं. माह्या बापानं दुसरी बंडी कधी जुंपली नाई."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कचेरीत गेलो. मी सोबत, कारण लिहिण्याचं काम माझ्याकडे. टेबलामागे धर्मपाल नावाचे कारकून होते. तरणे, पांढऱ्या शर्टाचे, आणि कचेरीतला माणूस असून 'बसा' म्हणणारे. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"पूर्ण नाव?"

"चंद्रभान महादेवराव पिंजरकर," हे म्हणाले.

"दुकानाचं नाव?"

"महादेव मिस्त्री बंडी कारखाना," हेच म्हणाले.

धर्मपालांनी मागचं जाडजूड रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि थांबले. "हे नाव गेलं," ते म्हणाले.

"कुठी गेलं?"

"नोंदलं गेलं. भगवंतराव महादेवराव पिंजरकर, जुनं शहर. याच उन्हाळ्यात. एका शहरात एकाच धंद्याची एका नावानं दोन दुकानं नोंदता येत नाईत."

"पन थो माहा बाप हाय."

"त्याईचाबी हाय ना," धर्मपाल हळूच म्हणाले.

हे टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवायला लागले. ह्यांचं असंच होतं. राग आला की बोलतात, दुःख झालं की जीभ टाळूला चिकटते. धर्मपालांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, थोडं बदलून सांगता का? काय टाकू?"

मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "महादेव मिस्त्रीच टाका. धाकटे महादेव मिस्त्री टाका. महादेव मिस्त्रीचा मुलगा टाका." जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं, आणि घेतलं ते परक्या पुरुषासमोर, भर कचेरीत, तीनदा. धर्मपालांनी मान हलवली. "मिळतंजुळतं नावबी चालत नाई. लोकं फसतात म्हनून कायदा हाय."

मी म्हटलं, "वा रे कायदा! वरच्या ओळीत बापाचं नाव नसलं तर अर्ज घेत नाई, अन् खालच्या ओळीत असलं तर घेत नाई."

ते हसले नाहीत. "भगवंतरावांनी लिहून दिलं, की माही हरकत नाई, तर जमते. तेवढाच एक रस्ता हाय," असं म्हणून त्यांनी अर्ज आम्हाला परत दिला.

नदी ओलांडून तसेच जुन्या शहरात गेलो. दुकानाच्या कपाळावर पाटी होती तशीच होती. तिच्यावरची अक्षरं ह्यांनी कोरलेली, मिसरूड फुटायच्या वयात. भासऱ्यांनी चहा मागवला. मी पदर पुढे ओढून पायरीपाशी बसले. दुकानात बंड्या होत्या, पण आमच्या घडणीच्या नव्हत्या. कुठून तरी बाहेरून तयार आणून ओळीने लावलेल्या. प्रत्येकीच्या फळीवर मामाजींचं नाव, डागलेलं नव्हे, रंगाने लिहिलेलं.

ह्यांनी काय हवं ते सांगितलं. भासरे बशीतला चहा तसाच धरून बसले.

"म्या वाटे केले, चंद्रभान. उचलला तू."

"नावाचं तू बोलला नाईस, दादा."

"तू तरी कुठी बोलला?"

हे खरंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंचांकडे जावं तर पंच म्हणणार, पहिली उचल तुझी होती. तोंडच नव्हतं.

मग भासऱ्यांचा आवाज उतरला. "मले नाव द्याचं असतं तरी आता देता येत नाई, बापा. मले लाकडातलं काय समजते? माल बाहेरून आनतो, त्याच्यासाठी भागीदार घेतला. त्यानं पयलेच लिहून घेतलं, की हे नाव दुसऱ्या कोनाले द्याचं नाई. माह्या हातात रायलं नाई आता."

"बाबाचं नाव परक्याच्या हातात देल्लं?"

भासऱ्यांनी डोळे पुसले. नाटक नव्हतं ते. मी त्या माणसाला मनातून भरपूर शिव्या देऊन आले होते, पण त्या क्षणी त्यांतली एकही कामाला आली नाही. ज्याच्याशी भांडायचं तोच रडायला लागला तर माणसाने जावं कुठे? हे उठले. निघताना एका चाकाच्या आऱ्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "लाकूड ओलं हाय, दादा." भासरे म्हणाले, "लोकं घेतात."

त्यानंतर हे बरेच दिवस कचेरीत जायचं नाव काढेनात. मी रोज मागे लागायची, आणि हे रोज भट्टीत तोंड घालून बसायचे. शेवटी किसनरावच एकदा उभ्या उभ्या येऊन गेले. "रागावू नको, चंद्रभान," ते म्हणाले. "पेरनी आली तोंडावर. म्या दुकानातून घेतली. कागद त्याईच्यापाशी हाय, अन् नावबी त्याईच्यापाशी." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी मागितलं तेच नाव त्यांना मिळालं होतं.

मग गेलो कचेरीत. हे म्हणाले, "कोनतंबी टाका, साहेब."

धर्मपालांनी पेन खाली ठेवलं. "असं नका म्हनू. म्या सांगतो, माह्याच घरची गोष्ट. गावानं आमाले जे नाव ठेवलं होतं, थे दीक्षा घेतली त्या वर्षी म्या टाकून देल्लं अन् मनानं हे नवं नाव घेतलं. मले कोनी अडवलं नाई. त्या दिवशी मले वाटलं, नाव बदलनं म्हनजे सुटनं. आता तुमाले पाहून राहिलो तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. "तुमचंच नाव टाकू का?"

रजिस्टर उघडलं, बोट वरून खाली गेलं, आणि ते म्हणाले, "हाय. मिळते." साऱ्या अकोल्यात माझ्या नवऱ्याचं नाव तेवढं कोणाला नको होतं. 'चंद्रभान बंडी कारखाना' नोंदला गेला. घरी येऊन ह्यांनी नवा ठसा घडवला. जुना ठसा तेलाच्या फडक्यात गुंडाळून वर ठेवून दिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कामं थोडीफार यायला लागली. दिवाळी झाली, कापसाच्या बंड्या बाजाराकडे वाहू लागल्या. एका सकाळी आमच्या छपरासमोरच एक भरलेली बंडी कलंडली. चाकाचे आरे सैल होऊन धाव निसटली होती. बंडी किसनरावांची; सोबत त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. वयस्कर, तिरसट माणूस. तो आम्हाला ओळखत नव्हता. हे धावत गेले, कापसाची गाठोडी उतरवली, बंडी टेकणावर घेतली. लाकूड उन्हाने वाळून आकसलं होतं. फळीवर मामाजींचं नाव होतं, रंगाने लिहिलेलं.

सालदार त्या नावाकडे बोट करून बोलत सुटला. "नाव मोठं अन् लक्षण खोटं! मालक म्हने, महादेव मिस्त्रीची बंडी, बापजाद्यापासून चालते. हे पाहा! एक हंगाम नाई टिकली. चोर होता म्हने थो म्हातारा. मेला, बरं झालं. नाईतर जोड्यानं मारला असता त्याले." आणि तो फळीवर थुंकला.

मी पाण्याचा तांब्या घेऊन येत होते. मी तोंड उघडलं, तोच ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मला कळलं. बोलणार काय होते? ही बंडी मामाजींची नाही म्हणावं, तर भाऊ लबाड ठरतो, सख्खा भाऊ, भर रस्त्यात. गप्प राहावं, तर बाप चोर ठरतो. मी तांब्या खाली ठेवला.

ह्यांनी सुक्या बाभळीचे आरे काढले. मामाजींच्याच वाकसाने तासले. एक आरा जरासा वाकडा बसला, तो कोणी न सांगता काढून पुन्हा बसवला. भट्टी पेटवली, धाव लाल केली, चढवली, पाणी ओतलं. वाफ निघाली आणि लाकूड कचकन आवळलं. दुपार कलली. सालदाराने चाक धरून हलवलं, गदगदा हलवलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"वा मिस्त्री! असा हात म्या पाह्यला नाई. मालकाले सांगतो, त्या चोराचं दुकान सोडा अन् इथी या." मग आमच्या छपरावरच्या पाटीची अक्षरं जुळवत त्याने विचारलं, "काय नाव म्हनता? चंद्रभान? कोनापाशी शिकले हो, चंद्रभान मिस्त्री?"

हे खाली बसून हत्यारं गोळा करत होते. थुंकी वाळली होती, नाव तसंच होतं.

"कोनापाशीच नाई," हे म्हणाले. "असंच. पाहून पाहून."

सालदाराने बैल जुंपले आणि बंडी बाजाराकडे गेली. हे मामाजींचा वाकस पुसायला भट्टीपाशी बसले. शिकवणारा बाप ह्यांनी नाकारला होता, आणि मला ह्यांचा राग आला नाही, हेच मला सोसवत नव्हतं.