शाही काजूचा कबुलीजबाब

रत्नागिरीच्या बिस्किटवाल्याच्या नातीला काजू चालू नये, याला काय म्हणावं? बिस्किटवालाही साधासुधा नव्हे, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत 'शाही काजू बिस्किटं' बनवणारे परशुराम बर्वे, म्हणजे आपले आप्पा. गेल्या दिवाळीत पुण्याला ऋतिकाने शेजाऱ्यांकडच्या काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला नि पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला. थेट इस्पितळ गाठावं लागलं. तेव्हापासून तिची आई अपूर्वा पर्समध्ये इंजेक्शन घेऊन हिंडते, आणि पोरीच्या तोंडात जाणारं प्रत्येक पाकीट वकील खरेदीखत वाचतो तसं वाचते.

मे महिन्यात मुलगा, सून, नात सगळी रत्नागिरीला आली. ऋतिकाचा सहावा वाढदिवस इथेच करायचा ठरला. काय हवं म्हणून आप्पांनी विचारलं, तर पोर म्हणाली, "आजोबा, सगळे जे खातील तेच मला द्याल? डबा नको." शाळेत कुणाचाही वाढदिवस असला की ती बाजूला बसून घरचा डबा खायची. देतो की, आप्पा म्हणाले, आणि सुनेला नि नातीला घेऊन आळीतल्या रघूच्या किराणा दुकानात गेले.

अपूर्वाने मोबाइलची बॅटरी लावली आणि पाकिटांच्या पाठी वाचायला घेतल्या. एकात काजू. दुसऱ्यात काजूचा चुरा. तिसऱ्यात नव्हता, पण काजूचा माल निघतो त्याच यंत्रावर हे बनवलंय, असं मुंगीएवढ्या अक्षरात कबूल केलेलं होतं.

"वहिनी, पाठ काय वाचताय, तोंड बघा. काय सुरेख काजू छापलेत," रघू म्हणाला.

त्याला अडचण समजावून सांगितली. त्याने अगदी मनापासून विचार केला. "मग मी काजू वेचून देतो ना. त्यात काय."

अपूर्वाने कपाळाला हात लावला. रघू म्हणाला, "रत्नागिरीत बिनकाजूचं कुठून आणायचं, वहिनी? तुमच्या सासऱ्यांच्या बिस्किटांत तर नुसता काजूच आहे." यावर आप्पा एकदम छताचा पंखा न्याहाळू लागले.

आता खरं काय ते सांगून टाकू. आप्पांच्या शाही काजू बिस्किटांत काजू नव्हता. कधीच नव्हता. मैदा, साखर, वनस्पती तूप आणि वेलची, बस्स. सुरुवातीला काजूच्या आकाराचा साचा स्वस्तात मिळाला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने "काय काजू आहे हो" म्हटल्यावर आप्पांच्याने खरं सांगवलं नाही. मग पाकिटावरही 'भरपूर काजू' आलं. म्हणजे अख्ख्या बाजारात पोरीला चालेलसं एकच पाकीट होतं, आणि त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काजू लिहिला होता.

रिकामी पिशवी घेऊन परतताना ऋतिका म्हणाली, "असू दे आजोबा. मी खाईन डबा." झालं. चहाच्या वेळी आप्पांनी कप खाली ठेवला.

"अपूर्वा, तिला माझी बिस्किटं दे. त्यांत काजू नसतो."

उमाआजी फणसाचे गरे काढत होत्या, त्यांचा हात थांबला. "इतकी वर्षं कारखान्यातून एक काजू घरी आणला नाहीत. मी आपली तुम्हाला कंजूष म्हणत आले."

अपूर्वाला मात्र हसू आलं नाही. "आप्पा, पाकिटावर इतकी वर्षं खोटं छापलंत. आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू? पोरीचा श्वास आहे तो."

आप्पा तिला घेऊन कारखान्यात गेले. अपूर्वाने पोती उघडली, डबे पालथे घातले, यंत्राच्या सांदीत बोटं घातली. मग पाकिटं भरणाऱ्या दर्शनाला विचारलं, "काजू कुठे ठेवता?"

"मूठमूठ घालतो, मॅडम. अस्सल," दर्शना म्हणाली. गिऱ्हाइकाला असंच सांगायचं, हे आप्पांनीच तिला पढवलेलं.

"अगं, खरं सांग."

"देवाशपथ, आप्पा. सकाळीच घातला."

तेवढ्यात अपूर्वाला ऑफिसच्या फळीवर काचेची बरणी दिसली. काठोकाठ काजू. "आणि हे काय?"

आप्पांनी मान खाली घालून बरणी उघडली, एक काजू काढला आणि टेबलावर आपटला. टक्कन आवाज झाला.

"लाकडी आहेत. सावंतवाडीहून रंगवून आणलेत. आलेल्या माणसाला दाखवायला."

अपूर्वाने एक उचलून नखाने खरवडला. रंग निघाला, खाली पांढरं लाकूड. मग ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "दाखवायलासुद्धा खरा ठेवला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "आता पटलं." तिने पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि अट घातली, "हे उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, आणि पाकिटं बदलायची. माझ्यासारखी एखादी आई वाचत असते, आप्पा."

दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला पडवीत आळीतली पोरं नि त्यांची आईबापं जमली. रघूही आला होता. आप्पा उठले. "या बिस्किटांत काजू नाही," ते म्हणाले. "कधी नव्हताच."

"ते ठाऊक आहे सगळ्यांना," रघू म्हणाला. "दुकानात सुनेपुढे तुमची लाज राखली, एवढंच. चहात बरी लागतात म्हणून नेतो आम्ही."

ताटल्या फिरल्या. अपूर्वाचा हात पर्समध्ये होता. ऋतिकाने एक बिस्कीट खाल्लं. मोठी माणसं तिच्याकडे बघत होती, आप्पा तर देवाचं नाव घेत होते. थोडा वेळ गेला. पोरीला काही झालं नाही. तिने दुसरं उचललं.

"आजोबा, काजू असाच लागतो?"

सवयीने आप्पांच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "नाही गं," ते म्हणाले. "काजू याच्याहून पुष्कळ चांगला लागतो."

ऋतिकाने शेजारच्या पोराच्या हातातलं बिस्कीट पाहिलं, मग स्वतःच्या हातातलं. दोन्ही सारखीच होती.

"असू दे," ती म्हणाली. "मला हेच हवं होतं."