रूप आलंय म्हणे!

तेजलच्या दोहाळजेवणाला मी पाहुणी म्हणून गेले होते. मी तळेगावची सुईण. नर्सिंगनंतर सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलंय, आणि गरोदर बायकांचे, त्यांच्या नवऱ्यांचे वर्गही घेते. तेजल आणि तिचा नवरा आकाश दर रविवारी यायचे. आकाश तर सगळ्यांच्या आधी उत्तरं द्यायचा.

कुसगावच्या हॉटेलचा हॉल. फुलांचे दागिने घालून तेजल झोपाळ्यावर, आणि बायकांचं कौतुक चाललेलं, "चेहरा कसा भरलाय बघा! रूप आलंय, मुलगीच होणार." रूप कसलं डोंबलाचं! सूज होती ती. पापण्या सुजलेल्या, अंगठी बोटात रुतलेली. मी जवळ गेले तशी तेजल हळूच म्हणाली, "ताई, सकाळपासून डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

पर्समधलं मशीन काढून तिथेच रक्तदाब मोजला. एकशे सत्तरच्या वर, आणि महिना आठवा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. झटके आले तर आई आणि बाळ, दोघंही जातील."

"यशोधराताई, पाचच मिनिटं," नणंद कोमल म्हणाली. "पेढा-बर्फी तेवढं राहिलंय. फोटोवाला थांबलाय." वाट्या झाकून ठेवल्या होत्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी आकाशकडे पाहिलं. धोक्याची लक्षणं याच पोरानं वर्गात धडाधड म्हणून दाखवली होती! तो बहिणीकडे बघत पुटपुटला, "आधी दृष्ट काढून बघू का?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, इतके रविवार मी तुला काय भजन शिकवत होते?"

तेवढ्यात सासूबाई, भागुबाई, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आल्याच. पण त्या मधेच थबकल्या.

"काजवे म्हनली का ती? आन डोकं बी दुखतंय? ह्ये दुखनं असतंय व्हय?"

"दुखणंच आहे, मावशी. औषध आहे त्याला."

त्यांनी मूठ तिथेच सोडली, वाट्यांचं ताट ढकलून दिलं आणि ओरडल्या, "आक्या, गाडी काड! पोरगी मरंल हितं!"

ऑपरेशन करावं लागलं. तेजल वाचली. बाळ एवढंसं, काचेच्या पेटीत, पण श्वास घेतंय. कोमलच्या फोनवर नातेवाइकांची रांग लागली होती: पेढा की बर्फी? तेजल कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. मी तो फोन हिसकावून बंद केला. अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

भागुबाई दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले तशा बोलू लागल्या.

"माजी थोरली भन हिरा. तिचं बी तोंड असंच भरलंतं. काजवे दिसत्यात म्हनायची. आमी म्हनलं, रूप आलंय. झटके येऊन गेली, पोटातल्या पोरासकट. शेजारच्या सरुबाईनं तिला लय देखनी दिसतीस म्हनलंतं. तिचीच दिष्ट लागली म्हनून तिला आमी जल्मभर कुनाच्या बारशाला येऊ दिली न्हाई."

"आहेत अजून त्या?"

"हाय की. म्हायेरी भिंतीला भिंत हाय तिची." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आता ह्या बाळाच्या बारशाला तिला बोलवाया जायचं, तर कंच्या तोंडानं जाऊ, सांग?"