होय एक, नाही दोन

आमचे बाबा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि घरी ते अमलात आणायचे. शाळेतलं संपलं की सुटका होई, घरातल्याला सुट्टी नव्हती. पडद्यांचा रंग कोणता, मांजर पाळायचं की नाही, रविवारी कोणी झाडायचं, सगळ्यावर मतदान. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडली होती. तिच्या कडेनं बोट कापायचं म्हणून चिकटपट्टी लावलेली. एकाच पेन्सिलीनं आळीपाळीनं आतल्या खोलीत जाऊन फुली मारायची, चिठ्ठीला एकच घडी घालायची. कोणी कोणाला मत दिलं हे विचारायचं नाही. विचारलं तर बाबा खरंच रागवत. आई त्यांना 'सभापती' म्हणायची. "बहुमतानं गॅस पेटत नाही, सभापती, काडी ओढावी लागते," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मतदार तीनच उरले: बाबा, दादा आणि मी. तीन असले की बरोबरी होत नाही, एवढीच काय ती सोय.

दादा कारखान्यात लागला आणि तिथल्या संघटनेत गेला. तोपर्यंत जेवताना भांडण व्हायचं ते मिठावरून. आता ते राज्यावरून व्हायला लागलं.

"राज्य म्हणजे इमारत रे," बाबा म्हणायचे, "आणि सरकार म्हणजे भाडेकरू. भाडेकरू वाईट निघाला तर बदलावा. इमारत कशाला पाडायची?"

"आणि ती इमारत ज्यांच्या डोक्यावर पडतेय त्यांनी काय करायचं, बाबा? पाच वर्षांनी चिठ्ठी टाकायची?"

"हो. चिठ्ठीच टाकायची. दगडापेक्षा बरी."

दोघांचाही आवाज सारखाच चढायचा. बाप तसा बेटा. मी मधे बसून दोघांच्या ताटात वाढत राहायची. दादाच्या बैठका आमच्या बाहेरच्या खोलीत व्हायच्या. पत्रकांचे गठ्ठे माझ्या पुस्तकांवर चढले. मग पोलीस आले, एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा आले तेव्हा माझी सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चौकशी व्हायची होती. घरी कोण कोण राहतं, असा एक रकाना होता त्या फॉर्मात.

बाबांना मुलाला जा म्हणता येईना आणि राहा म्हणून मुलीचं नुकसानही बघवेना. अशा वेळी दुसरा एखादा बाप ओरडला असता किंवा रडला असता. आमच्या बाबांनी डबा काढला. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: दादानं या घरात राहावं का? होय. नाही.

मी आतल्या खोलीत गेले आणि 'नाही'वर फुली मारली. कारणं देत बसत नाही. मला ती नोकरी हवी होती. आणि मनात म्हटलं, बाबा आहेतच की, ते आणि दादा मिळून मला हरवतील.

बाबांनी चिठ्ठ्या उघडल्या. "होय, एक. नाही..." ते थांबले. चिठ्ठ्या उलटून पुन्हा पाहिल्या. "नाही, दोन."

दादा हसला. "लोकशाहीचा विजय असो," म्हणाला, आणि तासाभरात पिशवी भरून गेला. बाबांनी चिठ्ठ्या डब्यात ठेवून झाकण बंद केलं, चिकटपट्टी गुंडाळली, वर तारीख घातली. तो डबा पुन्हा कधी उघडला नाही. आमच्या घरात पुन्हा मतदानही झालं नाही.

माझा हिशोब सरळ होता. दादा स्वतःविरुद्ध कशाला मत देईल? म्हणजे 'होय' त्याचं. एक 'नाही' माझं, दुसरं बाबांचं. त्यामुळे मला बाबांचा राग यायचा. खरं सांगते, फार यायचा. बहुमताचा धडा आला की म्हणे ते वर्गात खडू खाली ठेवून म्हणत, "बहुमतानं काय काय ठरवायचं नसतं, त्याची यादी करा." पोरं परीक्षेला येईल म्हणून लिहून घेत. मला वाटायचं, आपणच नाही म्हणायचं आणि वर उसासे टाकायचे! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

एकदा म्हटलंही, "एवढं वाटतं तर बोलवा ना त्याला."

"काय सांगून बोलवू?" एवढंच म्हणाले.

एकदा मात्र मला राहवलं नाही. "बाबा, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "मत गुप्त असतं. बापालाही सांगायचं नसतं." मला सुटल्यासारखं झालं. नोकरीत बढती मिळाली, केस पांढरे झाले. बावीस वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो.

बाबा गेल्यावर आठ दिवसांनी दादा आला. भर दुपारी, शाळेची बस कोपऱ्यावर उभी करून. आता तो तीच चालवतो. पत्र उशिरा मिळालं म्हणाला. बाबांच्या कपाटातली पुस्तकं काढताना मागे डबा सापडला.

"अजून आहे हा?" त्यानं तारीख वाचली. "गंमत सांगू? मी 'नाही' म्हटलं होतं."

"काय?"

"तुझी नोकरी जायची होती माझ्यापायी. आपण होऊन निघालो असतो तर बाबांनी दारात अडवलं असतं. म्हटलं, मत तरी देऊन बघू. तुम्ही दोघं होय म्हणणार आणि मी हरणार, हे माहीतच होतं." तो डब्यावरची धूळ पुसत राहिला. "मग निकाल ऐकला. तू नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं. म्हणजे बाबांनाच मी नको होतो. मग कोणत्या तोंडानं परत यायचं?"

एकुलतं एक 'होय' बाबांचं होतं. आपल्या दोन्ही मुलांनी नाही म्हटलंय, हे त्यांना त्या क्षणीच कळलं होतं. 'मी तुला राहा म्हटलं होतं', एवढं एक वाक्य त्यांनी दादाला कळवलं असतं तर तो आला असता. पण मग दादानं माझं मत ओळखलं असतं. म्हणून त्यांनी ते कळवलं नाही. बावीस वर्षं माझ्या हातचं जेवले, माझा राग सोसला आणि माझं मत गुप्त ठेवलं.

मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं.

"दादा," मी म्हटलं, "दुसरं 'नाही' माझं होतं."

त्यानं नखानं पट्टी सोडवली, चिठ्ठ्या उघडल्या आणि 'होय'वर फुली असलेली चिठ्ठी खिडकीशी नेऊन वाचली. बस थांबली होती, शाळा सुटायची वेळ झाली होती. ती चिठ्ठी घडी घालून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला.

डब्यात दोन चिठ्ठ्या उरल्या. पेन्सिल तीच, फुली तशीच. त्यातली त्याची कुठली आणि माझी कुठली, ते मला ओळखता येत नाही.