कुटाच्या डब्याला बोलता आलं नाही

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. दोन किलोचा, झाकणापाशी जरा चेपलेला. नाशिकच्या भांड्यांच्या दुकानातून मधुमतीआजींनी मला मुलाच्या लग्नासाठी घेतलं आणि पोटावर नाव घालून घेतलं : ‘अनिमेष व ज्ञानदा यांस, आईकडून.’ सुई टोचताना अंग शहारलं, पण अभिमानही वाटला. पुढे अनिमेषची बँकेतून बदली झाली आणि मी जयपूरला, तिलक नगरातल्या फ्लॅटमध्ये आलो.

माझं काम दाण्याचं कूट सांभाळायचं. खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, माझ्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. झाकण इतकं घट्ट, की ते उघडायला चमच्याचा दांडा लागायचा. ज्ञानदा म्हणायची, “या डब्यातलं कूट कधी खवट होत नाही.”

मग त्यांची ईश्वरी दीड वर्षाची असताना एका चतुर्थीला खिचडीचे दोन घास खाऊन तिचे ओठ सुजले. डॉक्टरांनी सांगितलं, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कणही नको. त्या दिवशी ज्ञानदाने मला तीनदा घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, तरी तिचं समाधान होईना. शेवटी माळ्यावर ठेवलं. मला राग आला नाही. माझा काठ दुमडलेला आहे. त्या दुमडीत काय राहिलं असेल, ते मलाही दिसत नाही.

माळ्यावरून ओटा दिसायचा. ज्ञानदा प्रत्येक पाकीट तीनदा वाचायची. दुकानात एकदा, घरी आल्यावर एकदा आणि फोडताना पुन्हा. अक्षरं मुंगीएवढी असली तर फोनमध्ये फोटो काढून मोठी करायची.

अनिमेष म्हणायचा, “अगं, तेच बिस्कीट आहे. त्याच्यावर पीएच.डी. करतेस का?”

“हस तू. मागच्या महिन्यात नव्हतं ते या महिन्यात असू शकतं.”

ईश्वरी सहा वर्षांची झाली, त्या थंडीत आजी राहायला आल्या. अनिमेषने संध्याकाळी मालवीय नगरातून बिस्किटांचा मोठा पुडा आणला. रंग तोच, चित्र तेच, म्हणून त्याने तो उलटून पाहिला नाही. सकाळी ज्ञानदा कामावर गेल्यावर आजी ओटा आवरू लागल्या. पुड्यात बिस्किटं मऊ पडतात, डब्यात कुरकुरीत राहतात, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण. मी माळ्यावर का गेलो, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शेजारणीच्या मुलाकडून मला खाली काढून घेतलं, पुसलं, माझ्यावरचं नाव वाचून हसल्या आणि बिस्किटं माझ्यात ओतली. तेवढ्यात खाली कचरागाडीचं गाणं वाजलं. रिकामं पाकीट गाडीत गेलं.

मित्रांनो, मला तेव्हा दाण्याचा वास आला. तो वास मी कधी विसरणार नाही.

दुपारी ईश्वरी शाळेतून आली. “आजी, मला भूख लागली.”

“भूख नाही गं, भूक. थांब, देते.”

आजींनी झाकणाला हात घातला. मी सगळा जोर लावला. झाकण हललं नाही. आजी म्हणाल्या, “अजून हट्टी आहे मेला,” आणि त्यांनी चमच्याचा दांडा घातला. मी उघडलो.

दोन बिस्किटं. मग ईश्वरी मान खाजवू लागली, मग खोकू लागली. नेमकी ज्ञानदा दारातून आत आली.

“आई, काय दिलंत तिला?”

“नेहमीची बिस्किटं गं. तुझीच.”

“पाकीट कुठे आहे?”

“गाडीत गेलं.”

ज्ञानदाने माझ्याकडे पाहिलं. फ्रिजवरच्या पेटीतलं इंजेक्शन डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मुलीच्या मांडीत दिलं, तिला उचललं आणि शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात गेली. आजी माझ्यासमोर बसून राहिल्या. माझं झाकण उघडंच होतं. आम्हा दोघांनाही काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी घरी आली. आवाज बसला होता, पण चालत आली. अनिमेषने त्याच दुकानातून तसाच पुडा आणला, आणि ज्ञानदाने तो उभ्यानेच वाचला. मागे, खालच्या घडीत, एक नवी ओळ होती : शेंगदाण्याचा अंश असू शकतो.

आजींनी हळूच विचारलं, “म्हणजे डब्यामुळे नाही ना झालं?”

“काय सांगू, आई. डबाही कुटाचाच होता.”

तो वास पुड्यातला होता की माझ्या काठातला? मी रोज स्वतःला विचारतो. मलाच माहीत नाही.

आता माझ्यात खायचं काही ठेवत नाहीत. ज्ञानदा पाकिटांच्या मागच्या बाजू कापून, तारीख घालून माझ्यात ठेवते. ईश्वरी एकेक काढून, बोट ठेवून वाचते. आजी मात्र नातीला आपल्या हाताने काही देत नाहीत. आधी विचारतात, “वाचलं का गं आईनं?” आणि हात मागे घेऊन थांबतात.

मित्रांनो, पाकीट नेहमीचं असलं तरी उलटून बघा. वाचल्याशिवाय रिकामं करू नका, आणि संपेपर्यंत फेकू नका. ज्या डब्यात एकदा कूट होतं, त्यात अशा मुलाचा खाऊ भरू नका. माझ्या पोटावर मला कुणी कुणाला दिलं ते कोरलेलं आहे. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मला बोलता येत नाही.